संकट गावावर येते तेव्हा आणि एका घरावर येते तेव्हा

डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातील एका गावात त्यांच्या वडिलांची हापूसची बाग आहे. वडिलांचे वय चौसष्ट. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात बागेतील जुनी झाडे उन्मळून पडली. त्यानंतरच्या हंगामांत कधी अवकाळी पावसाने, तर कधी तुडतुडे आणि फुलकिडे यांनी मोहोर नेला, आणि वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही. वर्षानुवर्षे भजनात पखवाज वाजवणारे वडील आता संध्याकाळी घराबाहेर पडत नाहीत, पहाटे तीनला उठून पडवीत बसतात, जेवण निम्म्यावर आले आहे, आणि कोणी विचारले तर ‘काय नाय, पोटात गॅस झालो हा’ एवढेच सांगतात. आईला ग्रामदेवतेला कौल लावायचा आहे. भाऊ म्हणतो, दोघांना मुंबईला आणून ठेवू. अशा माणसाला गाव, देवधर्म आणि रीतिरिवाज यांचा उपयोग होतो की अपाय, असे त्यांनी विचारले आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझे जे मत बनले आहे ते आधी सांगतो. कोकणातील गाव सर्वांवर आलेले संकट फार चांगले पेलते आणि एकाच घरावर आलेल्या संकटापुढे मात्र ते बावरते, गप्प होते, प्रसंगी निष्ठुरही होते. तुमच्या वडिलांचे संकट पहिल्या प्रकारचे म्हणून सुरू झाले आणि पाहता पाहता दुसऱ्या प्रकारचे होऊन बसले. त्यांच्या आजाराकडे या बाजूने पाहिले, तर गावाकडून काय घ्यायचे आणि कुठे गावाला बाजूला ठेवायचे, हे ठरवणे सोपे जाते.

सर्वांवरचे संकट गाव कसे पेलते, हे चिपळूणने २२ जुलै २०२१ नंतर दाखवले. वाशिष्ठीचे आणि शिव नदीचे पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत गुडघाभर गाळ होता, आणि कोणी कोणाला भेटले की पहिला प्रश्न एकच असे : ‘तुमच्याकडे कुठपर्यंत आलेलं?’ उत्तर बहुधा शब्दांत मिळत नसे. माणूस हात उचलून छातीपाशी, डोक्यावर किंवा थेट माडीच्या पायरीकडे दाखवी. त्या एका खुणेत सांगणाऱ्याचा अनुभव पुरता पोहोचे, कारण समोरच्याच्या घरातही तसेच घडलेले असे. आपत्तीनंतर मन सावरण्यासाठी सुरक्षितता, मनाची शांती, आपल्या हातून काही होऊ शकते ही भावना, माणसांशी नाते आणि पुढची आशा या गोष्टी लागतात, यावर या क्षेत्रातील अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. घटना घडल्याबरोबर एकदाच बसवून माणसाकडून सारे वदवून घेण्याची पद्धत मात्र आता शिफारसयोग्य मानली जात नाही. शेजाऱ्याच्या दुकानातला गाळ उपसणे, चुलीवर चार घरांचा भात एकत्र टाकणे, बोलायचे त्याला बोलू देणे आणि गप्प बसायचे त्याला गप्प बसू देणे, हे सारे चिपळूणकरांनी कोणी न शिकवता केले, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी योग्य होते.

अनिश्चितता ही किनाऱ्याला नवी नाही, आणि ती सोसण्याच्या काही जुन्या रीती इथे आहेत. अनिश्चितता मनाला इतकी का जाचते, याचा एक बोलका पुरावा २०१६ मध्ये लंडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळाला. हाताला विजेचा सौम्य पण दुखरा धक्का हमखास बसणार हे ठाऊक असलेल्या माणसांपेक्षा, तो बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असलेल्या माणसांत ताण अधिक होता. वाईट निश्चित असले तर मन त्याच्याशी जुळवून घेते. टांगणीला लागलेले मन मात्र एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा खारवी, गाबीत, कोळी आणि दालदी कुटुंबांची मिळकत थांबते. पण त्या दोन महिन्यांनी माणसे सहसा आजारी पडत नाहीत, कारण त्या ओढगस्तीला शेवटची तारीख असते आणि ती साऱ्या बंदराची एकच असते. कौलाचेही काम काही अंशी असेच चालते. गुरव देवाला पाकळ्या, कळ्या किंवा तांदूळ लावतो, उजवा म्हणजे होकाराचा किंवा डावा म्हणजे नकाराचा कौल पडतो, आणि महिनोन्महिने घोळत असलेला निर्णय सुटतो. शिवाय त्या निर्णयाची जबाबदारी एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर राहत नाही. मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण तर मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. काही वर्षांच्या अंतराने सारे गाव, जातिधर्माचा भेद न करता, गुराढोरांसह तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहते आणि रामेश्वराचा कौल झाल्यावर परत येते. त्यामागील श्रद्धा ज्याची त्याची. पण घर सोडून जाण्याची सगळ्यांनी मिळून केलेली अशी तालीम, आणि तीही बऱ्याच अंशी आनंदाची, दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

आता तुमच्या वडिलांकडे येऊ. वादळ झाले त्या वर्षी ते एकटे नव्हते. पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा प्रत्येकाच्या बागेत पडलेले कलम होते आणि प्रत्येकाकडे सांगण्यासारखे होते. त्यानंतर मात्र एकेक बाग सावरली. कोणाला मुंबईतल्या मुलाने पैसे पाठवले, कोणी बाग खंडाने दिली, कोणाच्या जागेचा उतार बरा म्हणून मोहोर टिकला. ज्याचे सावरले नाही, त्याच्यापुरते ते नुकसान आता निसर्गाचे राहत नाही, ते त्याच्या कर्तबगारीवरचे प्रश्नचिन्ह होते. ‘फवारणी वेळेवर केली नसेल’ असे कोणीतरी सहज बोलून जाते. दलालाच्या उचलीचा आकडा तर पत्नीलाही सांगितलेला नसतो. आणि गाव ज्या ज्या प्रसंगी एकत्र येते, तो प्रत्येक प्रसंग आता परीक्षेचा होतो : गणपतीची सजावट, शिमग्याला पालखी अंगणात आल्यावरचा मान, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी. ज्या सणाने पूर्वी उभारी यायची, त्याच सणाच्या आधी पंधरा दिवस छातीत धडधडू लागते असे सांगणारे बागायतदार माझ्याकडे येतात. ते सण टाळू लागले की लोक म्हणतात माणूस माजला किंवा विक्षिप्त झाला. आजारी झाला, असे फार थोड्यांच्या मनात येते.

येथे गाऱ्हाण्याचा विचार करावासा वाटतो, कारण घराचे दुःख गावापुढे मांडण्याची तीच एक मान्यताप्राप्त जागा आपल्याकडे आहे. गुरव किंवा गावकर देवापुढे उभा राहून अमक्या घरच्या लेकराची अडचण मोठ्याने मांडतो आणि जमलेली मंडळी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो क्षण जवळून पाहिला तर दिसते की ज्याच्यासाठी गाऱ्हाणे घातले जाते तो माणूस बहुधा मान खाली घालून उभा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ‘व्हय म्हाराजा’ला त्याचे खांदे सैल पडतात. त्याची अडचण साऱ्या गावाने होकार देऊन आपली म्हटलेली असते. हे मोठे औषध आहे, आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. मात्र गाऱ्हाण्यात काय येते आणि काय येत नाही, हेही नीट ऐकावे. मुलाची नोकरी येते, लग्न येते, मूलबाळ येते, कोर्टकचेरी येते, पाय मोडलेला येतो. नवऱ्याची दारू, मुलीचे फिट्ससारखे झटके, भावाचा संशयाचा आजार, कर्ज बुडाल्याची लाज, पहाटे तीनला जाग येऊन जगणे नकोसे वाटणे, यांतले सहसा काही येत नाही. आलेच तर ‘काय चुकला-माकला आसात’ एवढ्या झाकलेल्या शब्दांत येते. ज्या दुःखाला सर्वाधिक सोबत हवी, नेमके तेच त्या प्रांगणाबाहेर राहते.

मग ते शरीरातून बोलते. ‘गॅस’, ‘अंगात कणकण’, ‘डोक्यात मुंग्या’, ‘जीव घाबराघुबरा’ या तक्रारी खोट्या नसतात; नैराश्यात पचन, झोप आणि दुखणे खरोखर बिघडते, आणि पोटाचे दुखणे सांगायला लाज वाटत नाही म्हणून तेच पुढे केले जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे दहा टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांवाचून असल्याचे दिसले. कोकणात हे उपचारांवाचूनचे लोक घरी नुसते बसलेले नसतात. ते आम्लपित्ताच्या गोळ्या घेत असतात, नाहीतर भगताकडे खेपा घालत असतात.

तेव्हा आईच्या कौलाचे काय? त्यांना अडवू नका. पतीच्या आजारपणात त्या स्वतः किती भ्यायल्या असतील, याचा विचार करा. कौल हा त्यांचा आधार आहे, आणि सून-मुलीने तो हिरावला तर घरातील दुसरे माणूसही एकटे पडेल. दोन अटी मात्र शांतपणे घाला. पहिली, डॉक्टरांची भेट कौलावर अवलंबून राहणार नाही. कौल कोणताही पडो, भेट ठरल्या दिवशी होईल. माझा अनुभव असा की ‘उपचार घेण्यास देवाची अनुमती आहे का’ असे विचारले तर कौल बहुधा उजवाच पडतो, आणि समजूतदार गुरव या बाबतीत डॉक्टरांचा उत्तम सहकारी ठरतो. दुसरी, ज्या क्षणी कोणी करणीचे, शेजाऱ्याचे किंवा घरातल्या बाईचे नाव घेईल, त्या क्षणी तो मार्ग सोडायचा. एका घराचे दुःख दुसऱ्या घरावर ढकलण्याची ती रीत आहे. तीतून आजार तर बरा होत नाहीच, वर पिढीभराचे वैर पदरी येते. मारहाण, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे किंवा वैद्यकीय उपचारांपासून रोखणे असे काही होत असेल, तर राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. देवाला नवस करणे किंवा गाऱ्हाणे घालणे त्या कायद्याने गुन्हा होत नाही, हा गैरसमजही आईच्या मनातून काढा.

गावाची निष्ठुर बाजू सांगितल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. वाळीत टाकणे हा तिचा सर्वांत उघड प्रकार, आणि रायगड जिल्ह्यातील अशा प्रकरणांची राज्यभर चर्चा झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला आणि २०१७ पासून लागू आहे. सौम्य प्रकार मात्र कायद्यात बसत नाहीत. राजापूर तालुक्यात नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१७ मध्ये अधिसूचित झाला, २०१९ मध्ये रद्द झाला, मग बारसूची चर्चा सुरू झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथे माती परीक्षणावरून संघर्ष झाला. प्रकल्प असावा की नसावा, हा माझा विषय नाही. वैद्य म्हणून मला एवढेच दिसते की माणसाने निर्माण केलेली अनिश्चितता गावाला वादळासारखी एकत्र आणत नाही. ती गाव मधोमध चिरते, आणि मग ज्याच्या ओटीवर जाऊन मन मोकळे करायचे, तोच समोरच्या बाजूचा असतो. २०२० च्या टाळेबंदीत असेच झाले. मुंबईहून चालत, ट्रकमधून आलेल्या चाकरमान्यांना शाळेत वेगळे ठेवले गेले. ज्याच्या पैशांवर घराचे छप्पर उभे राहिले तो वेशीवर परका ठरला, आणि हा सल आजही अनेक घरांत न बोलता धरलेला आहे. त्याच काळात आखाती देशांतील नोकरी गेल्याने परतलेल्या कोकणी मुसलमान तरुणांचीही हीच कोंडी होती. मोहल्ल्यात स्वागत झाले, पण कमाई थांबलेल्या मुलाने घरात काय म्हणून राहायचे, हे कोणाला सांगता येत नव्हते.

समुद्रात बेपत्ता झालेल्या खलाशाचे घर ही आणखी वेगळी गोष्ट आहे. देह मिळत नाही, म्हणून दुःखाला सुरुवात करता येत नाही. कायद्याने मृत्यू गृहीत धरण्यासाठी सामान्यतः सात वर्षे जावी लागतात. बायकोने कुंकू लावले तरी लोक बोलतात, पुसले तरी बोलतात. दर्भाची प्रतिमा करून अंत्यविधी करण्याची जुनी सोय धर्माने ठेवली आहे, आणि घरच्यांची मनाची तयारी असेल तेव्हा मी ती सुचवतोही, पण घाई कधी करू देत नाही. हे येथे लिहिण्याचे कारण असे की तुमच्या वडिलांचे नुकसानही काहीसे याच जातीचे आहे. बाग गेली असे म्हणता येत नाही, आहे असेही म्हणता येत नाही. दर डिसेंबरात मोहोर फुटतो आणि आशा पुन्हा टांगणीला लागते.

प्रत्यक्ष काय करावे, हे आता सांगतो. पहाटेची जाग, कमी झालेली भूक, आवडीच्या गोष्टीतून उडालेले मन आणि माणसे टाळणे, हे सारे काही आठवडे टिकून असेल तर नैराश्याचा आजार असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यावर उपचार आहेत. आधी फॅमिली डॉक्टरकडून साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, कारण या वयात त्यांतील बिघाड हुबेहूब असेच चित्र उभे करतो. चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्याही दाखवा, आणि संध्याकाळी दारू वाढली आहे का, हे न लाजता सांगा. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या. औषध सुरू झाले तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे, वयस्क माणसांत कधी अधिकही लागतात. ‘आठवडा झाला, फरक नाही’ म्हणून ते बंद करू नका, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. उतारवयात या गटातील काही औषधांनी रक्तातील सोडियम कमी होते, म्हणून सुरुवातीलाच गुंगी, गोंधळ किंवा तोल जाणे दिसले तर लगेच कळवा. जाण्यायेण्याची अडचण असेल तर टेली-मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीत उपलब्ध आहे. आई स्वतःसाठीही तेथे बोलू शकतात, आणि त्यांनी बोलावे असे मला वाटते.

एक प्रश्न वडिलांना स्पष्ट शब्दांत विचारावा लागेल, आणि तो फोनवर नव्हे, समोर बसून : ‘जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही भीती निराधार आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच हलके वाटते. उत्तर होकारार्थी असेल किंवा ते उत्तर टाळत असतील, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फवारणीची औषधे आजच पडवीतून हलवून कुलुपात, चावी दुसऱ्याकडे, अशी ठेवा. बागायतदाराच्या घरी मी हे प्रत्येक वेळी सांगतो, उत्तर काहीही असो.

भजनाचे मोल मात्र मी औषधाच्या खालोखाल मानतो. आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे फार उपयोगी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. बैठकांचा गाभा एवढाच होता की मन लागेल तेव्हा करू असे न म्हणता, सुटलेल्या गोष्टींपैकी लहानशी एक ठरवून पुन्हा सुरू करायची. मन नंतर मागून येते. केवळ नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने अधिक सुधारणा झाली. म्हणून मंडळातील एखाद्या जवळच्या मित्राला विश्वासात घ्या. त्याने घरी येऊन ‘चला, पखवाज घ्या’ असे म्हणू नये. ‘माझ्यावांगडा येवन नुसतो बस’ (माझ्याबरोबर येऊन नुसता बस) एवढेच म्हणावे. पहिल्या आठवड्यात अर्धा तास बसले आणि हातात टाळही धरला नाही, तरी पुरे. ‘काय रे, किती दिवसांनी!’ असे कोणी ओरडू नये, ही ताकीद त्याने मंडळींना आधीच द्यावी. त्याच मित्राला कर्जाचे माहीत असेल तर फारच उत्तम. नसेल, तर तुम्ही आणि भाऊ दोघांनी वडिलांबरोबर बसून दलालाची उचल, सोसायटीचे कर्ज आणि फळपीक विम्याचे येणे हे तीन आकडे कागदावर मांडा. आकडा कितीही मोठा असो, डोक्यात फिरणाऱ्या आकड्यापेक्षा कागदावरचा बरा. दलालाशी बोलायला वडिलांना एकटे पाठवू नका.

राहता राहिला मुंबईचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली, आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. गावात उरलेल्या म्हाताऱ्यांना मुंबईची मुले आपल्याकडे नेऊ पाहतात, ते प्रेमापोटीच. पण नैराश्यात असलेल्या माणसाला बाग, पडवी, देऊळ आणि भाषा यांपासून तोडून एका खोलीत टीव्हीपुढे बसवले, तर तो बरा होण्याऐवजी ओझे झाल्याच्या भावनेने अधिक खचतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. जिवाला धोका असेल, किंवा गावाजवळ उपचार मिळतच नसतील, तर जरूर आणा. पण परतीची तारीख ठरवून आणा आणि ती त्यांना सांगा. अन्यथा पहिले दोन-तीन महिने उलट करा : तुम्ही दोघे भावंडे आळीपाळीने शनिवार-रविवार गावी जा, डॉक्टरांच्या भेटीला बरोबर राहा, आणि कलमांना पाणी-खत करताना त्यांच्या हाताखाली काम करा. बाग विकायची, खंडाने द्यायची की ठेवायची, हा निर्णय ते नीट झोपू लागेपर्यंत कोणीही घेऊ नये.